विकल्या गेलेल्या घराण्याची वंशावळ

धर्मग्रामाच्या कार्यालयात वर्षाकाठी दहापाच माणसे तरी अशी येतात, की ज्यांना आपल्या आजोबांच्या वा पणजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद हवी असते. कुणाला पासपोर्टसाठी, कुणाला जमिनीच्या वारसहक्कासाठी, तर क्वचित कुणाला केवळ आपले मूळ जाणून घेण्यासाठी. आम्ही कपाटातील जुनी नोंदवही काढतो, कडा झिजलेली पाने हलक्या हाताने उलटतो, आणि नाव सापडले की समोरच्याचा चेहरा उजळतो. नोंदवहीचे हे सामर्थ्य आम्हांला ठाऊक होते. परंतु तीच नोंदवही प्रसंगी ख्रिस्तसभेच्या विरोधात साक्षीला उभी राहते, हे आम्हांला उमगले ते अमेरिकेतील हॉकिन्स घराण्याची हकीगत वाचल्यावर.

अमेरिकेत वंशावळ शोधणे हा हजारो लोकांचा आवडीचा व्यासंग आहे. तिथे १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली, आणि १८५० पासून तर घरातील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव तीत लिहिले जाऊ लागले. इथे 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा आहे. गुलामांसाठी १८५० आणि १८६० मध्ये वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव, आणि त्याखाली वय, लिंग व वर्ण एवढेच. गुलामाला नाव नाही. ज्यांचे पूर्वज गुलाम होते, त्यांचा शोध १८७० च्या जनगणनेपर्यंत जातो आणि तिथे भिंतीवर डोके आपटल्यासारखा थांबतो. हॉकिन्स घराणे ही भिंत ओलांडू शकले. का, ते पुढे येईलच.

जॉर्जटाऊनचे महाविद्यालय १७८९ मध्ये स्थापन झाले. त्याचे संस्थापक जॉन कॅरोल हे अमेरिकेचे पहिले बिशप. सेमिनरीत असताना आम्ही ही दोन्ही नावे आदराने पाठ केली होती. परंतु मेरीलँड प्रांतातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या मालकीच्या मोठमोठ्या शेतवाड्या होत्या आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या गुलाम राबत होते, हे काही आमच्या पाठात नव्हते. हे गुलाम कॅथलिक होते. त्यांच्या लेकरांना स्नानसंस्कार देणारे धर्मगुरूच त्यांचे मालक होते. व्हाइट मार्श नावाच्या अशाच एका वाडीवर आयझॅक हॉकिन्स हा वृद्ध राहात होता, आणि कॉर्नेलियस हॉकिन्स हा मुलगाही त्याच घराण्यातला.

१८३० च्या दशकात महाविद्यालय कर्जात बुडाले होते. येशूसंघाचे प्रांतप्रमुख फादर टॉमस मलेडी यांनी उपाय काढला तो गुलाम विकण्याचा. १९ जून १८३८ रोजी लुईझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि मळेवाले जेसी बॅटी यांच्याशी करार झाला. माणसे २७२, किंमत १,१५,००० डॉलर. करारातील यादीच्या आरंभी आयझॅकचे नाव आहे, वय वर्षे ६५. कॉर्नेलियस तेव्हा १३ वर्षांचा होता.

रोमहून संघप्रमुख फादर यान रोथान यांनी या विक्रीला संमती दिली, परंतु अटी घातल्या होत्या. कुटुंबे तोडू नयेत, गुलामांच्या धर्माचरणाची सोय व्हावी, आणि आलेला पैसा कर्जफेडीत घालू नये. अटी कागदावर उत्तम होत्या. प्रत्यक्षात कुटुंबे तुटली, रकमेतला काही भाग महाविद्यालयाच्या कर्जात गेला, आणि अनेकांना देवळाचा आधार दुरावला. मलेडींना पद सोडावे लागले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८३९ मध्ये, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्रक काढले. विकलेली माणसे तोवर दूर दक्षिणेत पोहोचली होती.

नोव्हेंबर १८३८ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रिया बंदरातून 'कॅथरीन जॅक्सन' हे जहाज न्यू ऑर्लीन्सकडे निघाले. त्यावर चढवलेल्यांत दोन महिन्यांचे एक तान्हे बाळही होते. परदेशातून गुलाम आणण्यास १८०८ पासून बंदी असल्यामुळे, किनाऱ्याने गुलाम नेणाऱ्या जहाजाला प्रत्येकाचे नाव, वय, उंची यांची यादी सरकारात द्यावी लागे. माल मोजण्यासाठी केलेली ही यादी पावणेदोनशे वर्षांनी नातवंडा-पणतवंडांच्या हाती लागेल, असे ती लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनातही आले नसेल.

यानंतर कॉर्नेलियस बारातेरा वर्षे दिसेनासा होतो. तो पुन्हा दिसतो १८५१ मध्ये, लुईझियानातील मॅरिंग्विन या गावाजवळच्या कापसाच्या मळ्यावर. (या नावाचा फ्रेंच अर्थ डास! दलदलीचा मुलूख कसा असेल याची यावरून कल्पना यावी.) मळ्याचा मालक बॅटी वारला होता आणि त्याच्या मालमत्तेची मोजदाद चालली होती. खेचरे व घोडे मिळून २७, डुकरे ३२, बैलगाड्या दोन आणि गुलाम अनेक. त्यांत कॉर्नेलियसची किंमत ९०० डॉलर लावलेली आहे. मळा त्यानंतर पुनःपुन्हा विकला गेला.

१८७० च्या जनगणनेत तो पहिल्यांदा माणूस म्हणून नोंदला गेला. शेतमजूर, विवाहित, मुलाबाळांचा बाप. वय अंदाजे ४८. १३ मध्ये ३२ मिळवले तर ४५ होतात. पण ज्यांच्या जन्माचे दिवस मालकाच्या वहीत राहिले, त्यांच्याकडून नेमक्या वयाची अपेक्षा कोणी करावी?

इथपर्यंतचे कागद सरकारचे व मालकांचे. पुढचा कागद मात्र देवळातला आहे आणि आमचे मन सर्वांत जास्त रेंगाळते ते त्यावर. त्याच्या मळ्यापासून देऊळ फार दूर असल्यामुळे कॉर्नेलियसचा विवाह धर्मगुरूंविना झाला होता. मुले झाली, युद्ध झाले, गुलामी संपली. आणि पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर सुमारे तीस वर्षांनी, १८७६ मध्ये, हा प्रौढ गृहस्थ आपल्या पत्नीसह धर्मगुरूंसमोर उभा राहिला आणि विवाहाची वचने त्याने पुन्हा उच्चारली. ज्या धर्माच्या सेवकांनी त्याला तेराव्या वर्षी विकले, त्याच धर्माच्या वेदीपाशी तो आपण होऊन आला. का आला? आम्ही यावर पुष्कळ विचार केला आहे. येशूसंघीयांच्या शिकवणुकीचे हे यश, असे म्हणणारे आम्हांला भेटले आहेत. ते बोलणे आम्हांला मुळीच पटत नाही. विकणाऱ्यांनी त्या मुलाचा सौदा केला, पण त्याची श्रद्धा त्याची स्वतःची होती, ती कोणत्याही मालकाने त्याला उसनी दिलेली नव्हती.

पुढे त्याची मुले, नातवंडे त्याच श्रद्धेत वाढली, आणि त्यांच्या नोंदी धर्मग्रामांच्या वह्यांत होत गेल्या. भिंत ओलांडता आली ती या वह्यांमुळे. एका बाजूला येशूसंघीयांची विक्रीची यादी, दुसऱ्या बाजूला लुईझियानातील देवळांतील नोंदी. दोन्ही टोके ख्रिस्तसभेच्याच हातची.

२०१५ मध्ये जॉर्जटाऊनचे माजी विद्यार्थी रिचर्ड चेलिनी यांनी या २७२ जणांचे पुढे काय झाले, अशी विचारणा केली. ते सगळे दलदलीत तापाने मेले, असे उत्तर त्यांना मिळाले. एवढी माणसे एकजात मरतील हे त्यांना पटेना. त्यांनी संशोधन-प्रकल्प उभा केला. बॅटन रूज येथील वंशावळ-संशोधिका ज्युडी रिफेल यांच्यासारख्यांनी जुनी दप्तरे धुंडाळली, आणि आजवर मृत व हयात मिळून आठ हजारांहून अधिक वंशज सापडले. कॉर्नेलियसच्या एका खापरपणतीला हे फोनवरून कळले. तिचे बालपण त्याच मॅरिंग्विनमध्ये, त्याच्या मळ्यापासून काही मैलांवर गेले होते. ती जन्माने कॅथलिक. आपल्या खापरपणजोबांना कोणी विकले हे तिने त्या दिवशी प्रथम ऐकले.

'जुनी मढी कशाला उकरायची?' असे आमच्या एका धर्मगुरुमित्रांनी हे ऐकून विचारले. प्रश्न कळकळीचा होता. परंतु ज्यांची मढी आहेत, त्यांनाच ती कुठे पुरली हे माहीत नव्हते, त्याचे काय?

१८ एप्रिल २०१७ रोजी जॉर्जटाऊन येथे पश्चात्तापाची उपासना झाली. अमेरिकेतील येशूसंघीयांच्या प्रमुखांनी वंशजांसमोर उभे राहून आपल्या संघाचे पाप कबूल केले. मलेडी यांचे नाव असलेली इमारत आता आयझॅक हॉकिन्सच्या नावाने ओळखली जाते. २०२१ मध्ये संघाने वंशजांसाठीच्या निधीला दहा कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. ही रक्कम पुरेशी की तुटपुंजी, यावर वंशजांत मतभेद आहेत, आणि ते असणारच.

कॉर्नेलियस १९०२ मध्ये वारला. मॅरिंग्विनच्या मरियेच्या निष्कलंक हृदयाच्या देवळाच्या दफनभूमीत त्याची जीर्ण शिळा आहे. २०१६ मध्ये त्याच्या खापरपणतीला ती सापडली. त्या दफनभूमीत तिच्या घरची माणसे पूर्वीपासून विसावलेली होती. शिळेवर त्याचे पूर्ण नाव नाही. घरचे लोक ज्या नावाने त्याला हाक मारीत, ते 'नीली' कोरलेले आहे.