पियानोविद्येचा तुटलेला धागा

पियानो शिकू इच्छिणाऱ्यापुढे आज तीन निरनिराळी दालने मांडलेली असतात. अभिजात संगीत एकीकडे, जॅझ दुसरीकडे आणि संगीतशास्त्र तिसरीकडे. ही वाटणी जणू अनादि आहे, असाच पुष्कळांचा समज असतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

१८०१ च्या सुमारास व्हिएन्ना येथे कार्ल चेर्नी हा दहा वर्षांचा मुलगा बेथोव्हेनकडे शिकावयास गेला. आरंभीच्या पाठांत सर्व स्वरसप्तके, हाताची ठेवण आणि अंगठ्याचा उपयोग यांवाचून दुसरे काही नव्हते. सोबत आणावयास सांगितलेला ग्रंथ थोर बाखचा पुत्र कार्ल फिलिप एमान्युएल बाख याचा होता. त्याचा पहिला भाग १७५३ साली व दुसरा १७६२ साली प्रसिद्ध झाला. बोटांच्या चलनापासून आरंभ करून, स्वरसंगतीच्या शास्त्रातून, तो अखेरीस आयत्या वेळी स्वयंस्फूर्त वादन कसे करावे येथवर येऊन पोहोचतो. त्या काळी खालच्या स्वरांच्या ओळीवर केवळ अंक लिहिलेले असत. वरचा स्वरसंभार वादकाने जागच्या जागी बांधावयाचा असे. शास्त्र न जाणणाऱ्यास वादनच अशक्य होते.

पुढे चेर्नीने लिस्टला शिकविले, आणि १८२९ साली स्वयंस्फूर्त वादनावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. आज त्याचे नाव निघते ते कंटाळवाण्या अभ्यासपाठांपुरते! एकोणिसाव्या शतकात संगीतशाळा वाढल्या, छापील प्रती घरोघर गेल्या, लिहिलेले बिनचूक वाजविणे हीच परीक्षा ठरली. परीक्षेत ज्यास गुण नाहीत ते शिक्षणातून गळते, हा अनुभव आम्हां शिक्षकांस नवा नाही.

तुटलेला धागा अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी उचलला. सुरावटीवर लिहिलेल्या स्वरसंघाच्या खुणा पाहून उरलेले आयत्या वेळी रचणारा जॅझवादक त्या अंक वाचणाऱ्या जुन्या वादकाचाच भाऊबंद होय. टोलेडोचा जवळजवळ अंध असलेला आर्ट टेटम (१९०९–१९५६) अभिजात पद्धतीचे शिक्षण घेतलेला होता. ड्वोर्झाकची रचना घेऊन तिचा तो आपल्या ढंगाने विस्तार करी.

पलटे घोटल्यावाचून रागविस्तार नाही, आणि विस्तार साधला नाही तर पलट्यांस अर्थ नाही, हे आपल्याकडील गवयास सांगावे लागत नाही. मुलांस पियानो शिकविणाऱ्या पालकांनी एवढेच पाहावे: वर्षभराच्या शिक्षणानंतर मूल पुस्तक मिटून चार स्वर स्वतःचे वाजवू शकते काय?