कॉखचा जंतू आणि तुमकुरचा खोकला

सध्या बदली बेंगळुरूला, बिऱ्हाड बनशंकरीत. कन्नड अजून अडखळतच वाचतो, पण इथल्या दवाखान्याच्या पाटीवरचा ‘क्षय’ लगेच ओळखता आला. शब्द दोन्ही भाषांत एकच. खोकला हटत नसेल तर थुंकी तपासा, असा पाटीचा मतलब. यामागे एक जर्मन डॉक्टर आहे आणि हे शहरही आहे.

रॉबर्ट कॉख, जन्म १८४३. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो स्वखुशीने लष्कराच्या सेवेत डॉक्टर म्हणून गेला, म्हणजे आपल्याच बिरादरीतला. नंतर वोलश्टाइन या लहान गावी सरकारी डॉक्टरकी करताना घरीच सूक्ष्मदर्शक मांडून तो संशोधन करू लागला. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये त्याने क्षयाचा जंतू जाहीर केला. तोवर अनेक जण हा रोग घराण्यातून येतो असेच समजत. दोन वर्षांनी कलकत्त्यात त्याने पटकीच्या जंतूवरही काम केले.

पण शत्रू दिसला म्हणून हत्यार हाती येत नाही. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानेच गेल्या. वय अवघे २१. जंतू सापडून पाच वर्षे झाली होती, औषध नव्हते. १८९० मध्ये कॉखने ट्यूबरक्युलिन हा इलाज म्हणून पुढे केला आणि तो साफ फसला. एवढ्या मोठ्या माणसाने घाई केली, असे माझे मत. (तेच ट्यूबरक्युलिन पुढे निदानाच्या चाचणीत कामी आले, हा भाग वेगळा.) खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४० च्या दशकात मिळाले.

आता बेंगळुरू. इथे १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था उभी राहिली. तिच्या लोकांनी शेजारच्या तुमकुर जिल्ह्यातली खेडी पालथी घातली. रोगी अडाणी, दवाखान्यात येत नाहीत, हा तेव्हाचा समज. निघाले उलटेच! लक्षणे असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आधीच दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याची बाटली घेऊन परतले होते. थुंकी कुणी पाहिलीच नव्हती. कॉखचा मार्ग ८० वर्षे जुना, आणि साधा सूक्ष्मदर्शक तेवढा हवा होता. मग १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात गावच्या दवाखान्यातच थुंकी तपासण्यावर भर आला.

फौजेत मात्र गोष्ट उलटी होते. आमच्या सेक्शनमधला एक जवान महिनाभर रात्री तोंडावर कांबळे दाबून खोकत असे. मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, प्रमोशन अडकेल, ही धास्ती. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या दोस्ताने त्याला ओढतच एमआय रूममध्ये नेले. थुंकीत जंतू निघाले. सहा महिने गोळ्या चालल्या. दोस्ताचीही तपासणी झाली, तो सुटला. जवान आज हवालदार आहे, आणि सिक रिपोर्टला कुणी कचरला की स्वतः सोबत जातो.