योग्याचा नाद, रोग्याचा नाद

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील विसाव्या अध्यायात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत ठणका आहे, बहिरेपण आहे, कान वाहणे आहे. आणि यादीच्या आरंभीच 'प्रणाद' व 'क्ष्वेड' अशी दोन नावे आहेत. बाहेर काही वाजत नसता आत वाजते, त्याचे हे विकार. वायू आपली वाट सोडून शब्द वाहणाऱ्या नाड्यांत शिरतो आणि तेथेच ठाण मांडून बसतो, असे त्याचे कारण दिले आहे. पुढे माधवनिदानात या आवाजांची नावेच येतात : कोणाला भेरी ऐकू येते, कोणाला मृदंग, कोणाला शंख, क्ष्वेडात वेणूचा स्वर.

आता शेजारी हठयोगप्रदीपिकेचा चौथा उपदेश उघडून ठेवावा. कान मिटून आतला नाद ऐकत बसण्याची साधना तेथे सांगितली आहे. साधकाला प्रथम समुद्राची गाज, मेघांचा गडगडाट, भेरी असे मोठे आवाज ऐकू येतात. मग मर्दल, शंख, घंटा. आणि अखेरीस किंकिणी, वेणू, वीणा नि भुंग्याचा गुंजारव. भेरी तीच, शंख तोच, वेणूही तोच! एका पोथीत त्यावर तेल सांगितले आहे, दुसऱ्या पोथीत त्यासाठी आसन घालून बसायला सांगितले आहे. दोन्हीकडचा आवाज एकच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण वाद्ये इतकी जुळावीत हे मोठे विलक्षण आहे.

या पोथ्या चाळण्याचे कारण घरगुती आहे. गेली सहा वर्षे माझ्या दोन्ही कानांत रातकिडे आहेत. कानाच्या डॉक्टरांनी तपासून धोका काही नाही असे सांगितले, आणि औषधही काही नाही असे सांगितले. या दुसऱ्या वाक्यानंतर सभोवारची माणसे वैद्य होतात. लसूण घालून कढवलेले तेल, रुईच्या पानाचा रस, आल्याचा रस, कांद्याचा रस : सुचवणारे सारेच मायेने सुचवतात, आणि रात्री दोन वाजता जागा असलेला माणूस काहीही ओतून घ्यायला तयार होतो. ही माया किती जुनी आहे ते पाहावे म्हणून मी शोध घेऊ लागलो.

ती फारच जुनी निघाली. लसूण, आले, शेवगा, मुळा, केळ यांचे कोमट रस कानात घालण्यास सुश्रुताने सांगितलेच आहे. मात्र ते ठणक्यासाठी. बेलफळ गोमूत्रात वाटून सिद्ध केलेले तेल सांगितले ते बहिरेपणासाठी. आपल्या आजीबाईंनी सगळे एकाच वाटीत आणले. पण त्याच ठिकाणी सर्व कर्णरोगांचे एक सामान्य पथ्य दिले आहे, ते मात्र कोणी सांगत नाही : तूप प्यावे, व्यायाम करू नये, डोक्यावरून स्नान करू नये, ब्रह्मचर्य पाळावे आणि फार बोलू नये. शाळामास्तराने यातले शेवटचे कसे पाळावे, हे संहितेत नाही.

तेलाची ही कीर्ती टिकली कशी? याचे उत्तर मला कानातल्या मळात सापडते. मळ कडक होऊन कान बंद झाला की आत आवाज होतात. तेलाने तो मळ मऊ होतो, निघतो, नि आवाज थांबतो. ज्याचा असा थांबला तो जन्मभर तेलाचे गुण गातो, आणि ज्याचा थांबला नाही त्याला कोणी विचारीत नाही. पडद्याला भोक असेल तर तेच तेल घात करते, हे तर गुण गाणाऱ्याच्या गावीही नसते.

बेथोव्हेनला कोणी विचारले नाही, त्याने स्वतःच लिहून ठेवले. जून १८०१ मध्ये, तीस वर्षांच्या या संगीतकाराने बॉनमधील आपल्या वैद्यमित्राला, फ्रांत्स वेगेलरला, पत्र लिहिले. आपले कान रात्रंदिवस गुणगुणतात, लोकांना आपण बहिरे आहोत हे सांगता येत नाही म्हणून आपण माणसांत मिसळणे सोडले आहे, असे त्यात आहे. व्हिएन्नाच्या एका बड्या वैद्याने त्याच्या कानात बदामाचे तेल घातले. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्याने डॅन्यूबच्या कोमट पाण्याची स्नाने सांगितली. पोट सुधारले, कान तसेच राहिले. पुढे दंडांवर एका झाडाची साल बांधून फोड आणवले. तेल, नदी, साल, सारे निसर्गाचेच.

निसर्गाचे म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर सिंकोनाच्या सालीने केव्हाच खोटा पाडला आहे. १८२० मध्ये पॅरिसच्या पेल्लेतिए आणि काव्हांतू यांनी त्या सालीतून क्विनीन वेगळे काढले. ब्रिटिश अमदानीत हिवतापासाठी त्याच्या पुड्या आपल्याकडे पोस्टातही मिळत. क्विनीन जास्त झाले की कान वाजतात. कित्येक वैद्य तर कान वाजू लागले म्हणजे मात्रा पोचली असे समजत. विलोच्या सालीशी नाते असलेल्या ॲस्पिरिनचेही तेच आहे.

त्याच पॅरिसमध्ये, पुढच्याच वर्षी, १८२१ साली, इतार या वैद्याचा कर्णरोगांवरचा ग्रंथ निघाला. मुक्याबहिऱ्यांच्या संस्थेचा हा वैद्य. अरण्यात सापडलेल्या मुलाला माणसात आणण्याच्या खटपटीमुळे शिक्षकांना तो ठाऊक असतो. मलाही तो तेथूनच ठाऊक. कानातला नाद बहुधा बरा होत नाही, तेव्हा तो निदान सोसता येईल असे करावे, अशी त्याची भूमिका होती. त्यासाठी त्याने कानात काही घातले नाही. रात्री शेगडीत लाकडे पेटती ठेवावी, किंवा तांब्याच्या भांड्यात पाण्याची बारीक धार पडत ठेवावी, म्हणजे बाहेरचा आवाज आतल्यावर पांघरूण घालतो. पिंडीवरची अभिषेकाची गळती डोळ्यांपुढे आणली की झाले!

ही युक्तीही सर्वस्वी नवी नव्हती. ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेल्या प्रश्नसंग्रहात असा प्रश्न आहे, की कान गुणगुणत असता बाहेर आवाज केला तर ती गुणगुण का थांबते? थोरला आवाज धाकट्याला हाकलतो म्हणून, असे तेथे उत्तर सुचवले आहे. रोमन प्लिनीच्या काळी लोक वेगळेच समजत : कान वाजला म्हणजे दूर कोणी आपल्याविषयी बोलत आहे. आपल्याकडे हे काम उचकीकडे आहे.

इतारची पाण्याची धार मागे पडली, आणि दीडशे वर्षांनी, १९७० च्या दशकात, अमेरिकेतील पोर्टलंड शहरी पुन्हा सापडली. कानाच्या नादाने त्रासलेला एक डॉक्टर तेथे जॅक व्हर्नन या संशोधकाला भेटायला आला होता. एका कारंज्यापाशी तो थबकला नि हलेना. कारण तेथे त्याला आपला नाद ऐकू येत नव्हता. त्यातून पुढे कानात बसवण्याची आवाजाची यंत्रे निघाली.

दरम्यान नादाचे घर कोठे, याचाही उलगडा होत गेला. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० माणसांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवले. त्यांतल्या ९४ टक्क्यांना काही ना काही आवाज ऐकू आले! म्हणजे बीज प्रायः सर्वांच्याच ठायी आहे. वयाने किंवा मोठ्या आवाजाने (दिवाळीतला सुतळी बॉम्ब त्यात आलाच) आतल्या कानाच्या नाजूक पेशी मरतात. तिकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू जणू आपली खुंटी पिळून आवाज वाढवतो. श्रवणाची नस कापूनही कित्येकांचा नाद गेला नाही, तो यामुळेच. गिंको वृक्षाच्या पानांचा अर्क आजही आशेने घेतला जातो. त्याची हजारावर माणसांवर घेतलेली इंग्लंडातील चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तो नुसत्या दिखाऊ गोळीहून सरस ठरला नाही. मात्र नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, किंवा ऐकू येणे एकाएकी कमी झाले असेल, तर कारंजे शोधीत बसू नये. तडक डॉक्टर गाठावा.

१९९० मध्ये यास्त्रेबॉफ यांनी मांडले ते मला पुन्हा त्या दोन पोथ्यांकडे नेते. नाद छळतो तो त्याच्या मोठेपणाने नव्हे. मेंदू त्याला संकट समजून त्याच्यावर पहारा ठेवतो म्हणून. भीती गेली की पहारा ढिला पडतो, आणि नाद असूनही दिवसच्या दिवस ध्यानात येत नाही. भेरी ऐकून साधक दचकत नाही, रोगी दचकतो. मी साधक नाही. आमच्या खोलीतला जुना पंखा रात्रभर कुरकुरतो. त्याला तेलपाणी करू नये, असे मी घरात सांगून ठेवले आहे.