एमआयटीतील कृष्णवर्णीय इतिहास प्रकल्पाची कुळकथा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या कृष्णवर्णीयांचा इतिहास जतन करणारा प्रकल्प १९९५ साली सुरू झाला. त्याचे संस्थापक क्लॅरेन्स विल्यम्स १९७२ पासून संस्थेच्या प्रशासनात होते.

या इतिहासाचा प्रारंभ मात्र शतकभर मागे जातो. उत्तर कॅरोलायनातील रॉबर्ट रॉबिन्सन टेलर यांनी १८८८ मध्ये प्रवेश घेतला आणि १८९२ मध्ये ते वास्तुशास्त्राचे पदवीधर झाले. एमआयटीचे ते पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. पुढे त्यांनी अलाबामातील टस्कीगी संस्थेच्या अनेक इमारतींचे आराखडे केले. त्यांतल्या कित्येक इमारती तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतः पाडलेल्या विटांनी उभ्या राहिल्या.

पदवीची नोंद दप्तरात राहते. ती मिळवताना काय सोसावे लागले, हे दप्तर सांगत नाही. शर्ली अ‍ॅन जॅक्सन यांनी १९७३ मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. एमआयटीची डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. पदवीच्या सुरुवातीच्या काळात सहाध्यायी मुली त्यांना आपल्या अभ्यासगटात बसू देत नसत. गणिते एकटीनेच सोडवावी लागत. १९६८ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. असे अनुभव ज्याचे त्याच्याकडूनच ऐकावे लागतात.

म्हणून विल्यम्स यांनी मौखिक इतिहासाची वाट धरली. विद्यार्थी, प्राध्यापक, प्रशासक अशा पंचाहत्तरहून अधिक जणांच्या मुलाखतींवर आधारलेला त्यांचा ‘टेक्नॉलॉजी अँड द ड्रीम’ हा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४१ ते १९९९ हा काळ त्यात ज्याच्या त्याच्या शब्दांत येतो. प्रकल्पाने छायाचित्रे आणि कागदपत्रेही गोळा करून सर्वांसाठी खुली केली.

इतिहासाचा आणखी जुना थर २०१७ मध्ये इतिहासकार क्रेग स्टीव्हन वाइल्डर यांच्या वर्गाने हाती घेतला. संस्थेचे संस्थापक विल्यम बार्टन रॉजर्स यांच्या व्हर्जिनियातील घरात सहा गुलाम असल्याची १८५० च्या जनगणनेतील नोंद पुढे आली. गुलामांच्या त्या यादीत प्रामुख्याने वय, लिंग आणि वर्ण लिहिण्याची रीत होती, नावे नव्हती. ज्यांना वेळीच कोणी विचारले नाही, त्यांचा इतिहास असा आकड्यांपुरता उरतो. संस्थेतली माणसे हयात आहेत तोवरच त्यांच्या मुलाखती नोंदवून ठेवणे, हे संस्थेच्या अभिलेखागाराचे पहिले काम आहे.