वाहिनी एक, बोलणारे अनेक

वर्गात प्रश्न विचारल्यावर दोन विद्यार्थी एकदम बोलू लागतात, एकदम थबकतात आणि पुन्हा एकदमच सुरू होतात, हा अनुभव आम्हां शिक्षकांना नवा नाही. अखेर कोणीतरी क्षणभर अधिक थांबतो आणि कोंडी फुटते. सौजन्य हा स्वभाव मानावा की व्यवस्था, हा जुना नैतिक प्रश्न संगणकांच्या जाळ्यांच्या इतिहासातही निराळ्या वेषात भेटतो.

1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ॲलोहा’ हे जाळे सुरू केले. निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे रेडिओलहरींनी मध्यवर्ती संगणकाशी जोडायची होती आणि त्या सर्वांना बोलण्यासाठी वाहिनी एकच होती. नियम साधा होता. ज्याला सांगायचे आहे त्याने सांगावे. पोच आली नाही, तर टक्कर झाली असे समजावे आणि यदृच्छेने ठरेल तितका वेळ थांबून पुन्हा पाठवावे. दोघे सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेली, म्हणून यदृच्छा हवी. या पद्धतीत वाहिनीची फार तर 18 टक्के क्षमता कामी येते. पुढे वेळेचे समान कप्पे पाडल्यावर ही मर्यादा सुमारे 37 टक्क्यांवर गेली.

मात्र प्रत्येक जण इमानाने थांबेल, हे येथे गृहीत आहे. एकाने थांबण्याचा काळ गुपचूप घटवला तर त्याचे काम लवकर होते. सर्वांनी घटवला तर कोणाचेच होत नाही. एकट्याने चाल बदलून कोणाचाच लाभ होऊ नये, अशा ज्या समतोलाची कल्पना जॉन नॅश यांनी 1950 साली मांडली, त्याची ही काळी बाजू होय.

इंटरनेटच्या संदर्भात हा विचार जॉन नेगल यांनी डिसेंबर 1985 च्या टिपणात स्पष्ट केला. वाटेवरचे यंत्र येणारी सर्व पॅकेटे एकाच रांगेत घेत असेल, तर जो अधिक पाठवतो त्याला अधिक वाटा मिळतो. म्हणजे नियमच हावरेपणाला बक्षीस देतो. गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली वर्णिलेली सामायिक कुरणाची शोकांतिका ती हीच. नेगल यांनी उपदेश केला नाही. नियम बदलण्यास सुचवले. प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग वेगळी असावी आणि पाळीपाळीने एकेक पॅकेट पुढे सोडावे. मग हावरट केवळ स्वतःचीच रांग लांबवतो.

ऑक्टोबर 1986 मध्ये संकट प्रत्यक्ष आले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांत अंतर अवघे 400 यार्ड. त्यांमधील प्रवाह सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. हरवलेले पॅकेट प्रत्येक जण घाईने पुन्हा पाठवत होता आणि गर्दी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी 1988 साली उपाय प्रसिद्ध केला: पॅकेट हरवणे ही गर्दीची खूण मानावी, पाठवणे निम्म्यावर आणावे, मग हळूहळू वाढवावे.

हे पथ्य प्रत्येक संगणकाने आपण होऊन पाळायचे होते. न पाळणाऱ्यास शिक्षा नव्हती. केवळ स्वार्थाचे गणित मांडणाऱ्याने ते टिकणार नाही असेच भाकीत केले असते. तरी ते टिकले, कारण ते संगणकाच्या मूळ प्रणालीतच लिहिले गेले आणि बहुतेकांनी त्यात हात घातला नाही. 1999 साली कूत्सूपियास व पापादिमित्रिऊ यांनी समांतर वाहिन्या वाटून घेणाऱ्या स्वार्थी वापरकर्त्यांमुळे एकंदर किती हानी होते, याचे मोजमाप मांडले; पुढे त्याला ‘अराजकाची किंमत’ हे नाव मिळाले.

ही किंमत मोजणे आवश्यकच आहे. परंतु ती चुकवावी लागू नये याची सोय आधीच एका प्रघाताने केली होती, हेही विसरता कामा नये. व्याकरण आपण सद्गुण म्हणून पाळत नाही; ते बोलण्यातच मुरलेले असते. वाहिनीवरचे सौजन्यही असेच मुरले. नेगल यांनी हाव निष्फळ केली, जेकबसन यांनी संयम सवयीचा केला. आमच्या मते सामायिक गोष्टी टिकायच्या तर या दोहोंची गरज असते.