काढू की ठेवू?

परवा तेलगावच्या घरी लिनक्स अद्ययावत करायला बसलो. पडद्यावर यादी आली, ‘ही पॅकेजेस काढली जातील’, आणि खाली प्रश्न: हो की नाही? बोट ‘हो’कडे जाणार, तेवढ्यात यादीत ‘आयबस-एम१७एन’ दिसले. मी मराठी टंकतो ते त्याच्याच जोरावर!

आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे आधी मागचे आठवते. इयान मरडॉक यांनी १९९३ साली डेबियन सुरू केले. कोणते पॅकेज कशावर अवलंबून आहे याचा हिशेब ठेवणारे ‘एपीटी’ १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये आले. हिशेब जुळवताना ते कधीकधी कामाची वस्तूही काढायला निघते. २०२१ साली यूट्यूबवरच्या लायनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएसवर स्टीम बसवताना ताकीद असूनही होकार टंकला, आणि अख्खा डेस्कटॉप गेला. त्याच वर्षी एपीटीने अत्यावश्यक पॅकेजेस काढण्याचा पर्याय सुचवणे बंद केले.

माझे मराठी मात्र त्या अत्यावश्यकांत मोडत नाही! ते मलाच सांभाळायला हवे. ‘नाही’ म्हटले. बाहेरचे एक भांडार मीच कधीतरी जोडले होते, त्याच्याशी जुळत नव्हते. ते बंद करून पुन्हा पाहिले, तर आयबस यादीत नव्हते. उरलेले जुने कर्नल खुशाल काढले.

हजेरीपटावरचे नाव कमी करताना मी दोनदा पाहत असे. तीच सवय कामी आली. असो.