लव्ह-फॉर्टीनंतरचे दिवस

तारीख ८ जून २०२५, वार रविवार. पॅरिसमध्ये दुपारचे तीन वाजत आलेत आणि तुम्ही फिलिप शात्रिए कोर्टच्या वरच्या रांगेत जागा धरून बसला आहात. खाली लाल माती. तिला माती म्हणायचं, पण वरचा थर आहे विटांच्या भुकटीचा, जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा, त्याच्याखाली चुनखडी. त्या पातळ भुकटीवर आज पुरुष एकेरीची अंतिम लढत आहे. नेटच्या बाजूला नदालच्या पावलाचा ठसा असलेली पट्टी दिसते. दोन आठवड्यांपूर्वी, स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी, त्याचा इथे सत्कार झाला तेव्हा ती बसवली गेली. इथली १४ विजेतेपदं नावावर असलेला माणूस आता खेळत नाही. आजचे दोघेही २००० नंतर जन्मलेले. ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीच्या अंतिम फेरीत असं याआधी कधीच झालेलं नाही.

निकाल तुम्हाला ठाऊक आहे. तो कुणाला सांगता येणार नाही, बदलता तर नाहीच येणार. पण निकाल ठाऊक असण्याचा एक फायदा तुम्ही करून घ्या. जिंकणाऱ्याकडे सगळं जग पाहणार आहे, तुम्ही हरणाऱ्याकडे पाहा. यानिक सिनरकडे.

तो कोर्टवर येतो तो जगातला अव्वल खेळाडू म्हणून. मागच्या वर्षीची अमेरिकन ओपन आणि यंदाची ऑस्ट्रेलियन ओपन त्याने जिंकली आहे, ग्रँड स्लॅममधले सलग २० सामने जिंकले आहेत, आणि या स्पर्धेत एकही सेट गमावलेला नाही. उपांत्य फेरीत जोकोविचलाही त्याने तीन सेटमध्ये घरी पाठवलं. आकडे असे बोलतात. पण फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून ४ मेपर्यंत, उत्तेजक द्रव्य चाचणीच्या प्रकरणातल्या तडजोडीमुळे, तो स्पर्धांबाहेर होता. परतल्यावर त्याने रोमची एकच स्पर्धा खेळली आणि तिथे अंतिम फेरीत आजच्याच प्रतिस्पर्ध्याकडून, कार्लोस अल्कराझकडून हरला. म्हणजे पुनरागमनानंतरची ही त्याची अवघी दुसरी स्पर्धा. पाचव्या तासाला पाय काय म्हणतील, हे कुठल्याही आकड्यात लिहिलेलं नाही.

पहिले दोन सेट पाहताना मान एका बाजूला वळवून ठेवा. सिनर बेसलाइनला चिकटून उभा राहतो, चेंडू उसळी घेत असतानाच त्याला गाठतो आणि दोन्ही बाजूंनी सपाट, खोल मारतो. समोरच्याला श्वास घ्यायला वेळ उरत नाही. अल्कराझ ड्रॉप शॉट टाकतो, लय मोडायचा प्रयत्न करतो, कधी जमतं, कधी नाही. ६-४, ७-६. सिनर दोन सेटनी पुढे. तिकडे महाराष्ट्रात रविवारची रात्र चढत चालली आहे. सोमवारचं ऑफिस आठवून किती घरांत आता टीव्ही बंद होत असेल! बंद करणाऱ्यांना दोष देता येत नाही, कारण अल्कराझने आजवर दोन सेटची पिछाडी भरून सामना कधीच जिंकलेला नाही.

तिसरा सेट ६-४ असा अल्कराझकडे जातो.

आता चौथा सेट, आणि इथे जरा सावरून बसा. सिनर ५-३ ने पुढे. अल्कराझची सर्व्हिस. लव्ह-फॉर्टी. तीन चॅम्पियनशिप पॉइंट. पंधरा हजार माणसांच्या त्या स्टेडियममध्ये खेळाडूंच्या बॉक्समध्ये सिनरची आई बसली आहे. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेले वडील आजही कामावर आहेत. एकच पॉइंट हवा. तीन संधी. तिन्ही जातात, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कितीतरी लवकर जातात. अल्कराझ गेम राखतो.

पुढे वर्षभर सगळे याच तीन पॉइंटांबद्दल बोलणार आहेत. मला मात्र त्याच्या पुढचा गेम जास्त महत्त्वाचा वाटतो. ५-४, आणि सर्व्हिस सिनरची. समोरच्याच्या सर्व्हिसवर निसटलेली संधी एक वेळ समजून घेता येते. इथे चेंडू त्याच्या हातात आहे, विजेतेपद त्याच्या हातात आहे, आणि तो ब्रेक होतो. त्याचा चेहरा पाहा. काही दिसत नाही. हा मुलगा लहानपणी दक्षिण टायरॉलच्या डोंगरात स्कीइंगच्या शर्यती गाजवायचा. शर्यतीत एक चूक झाली की सगळं संपतं, टेनिसमध्ये नंतरही खेळता येतं, म्हणून त्याने टेनिस धरलं. आज ‘नंतरही खेळणं’ हेच त्याच्या वाट्याला आलं आहे. टायब्रेक ७-३. दोन-दोन बरोबरी.

पाचव्या सेटच्या सुरुवातीलाच तो पुन्हा ब्रेक होतो. गॅलरीतून ‘कार्लोस, कार्लोस’ असा घोष उठतो, आणि शेजारचा माणूस तुम्हाला खुणेनेच सांगतो की सिनर संपला. नाही म्हणायची मुभा तुम्हाला नाही, पण ५-४ पर्यंत थांबा. आता सामना संपवण्यासाठी सर्व्हिस करतोय अल्कराझ. पाच तास होत आलेत. तीन चॅम्पियनशिप पॉइंट गमावलेला, दोन सेटची आघाडी गमावलेला माणूस इथे मोडला असता तर कुणी नावं ठेवली नसती. सिनर त्याची सर्व्हिस तोडतो. ५-५. मग ६-५ ने पुढेही जातो.

‘सिनर दबावाखाली कोसळला’ असं जे नंतर सहज म्हटलं जाईल, त्याला माझं उत्तर हा गेम आहे. कोसळलेला माणूस हा गेम जिंकत नाही.

मग दहा पॉइंटांचा टायब्रेक. अल्कराझ सलग सात पॉइंट घेतो. या दहा-बारा मिनिटांत तो जे टेनिस खेळतो त्यावर कुणाचाच इलाज चालला नसता, सिनरचाही नाही, आणि हे सिनरचा चाहताही मान्य करेल. १०-२. शेवटी रेषेलगत एक फोरहँड, आणि अल्कराझ पाठीवर पडून लाल मातीत माखतो. ५ तास २९ मिनिटं, इथल्या इतिहासातली सर्वांत लांबलेली अंतिम लढत. अल्कराझचं हे पाचवं ग्रँड स्लॅम, आणि आज त्याचं वय २२ वर्षं, १ महिना आणि ३ दिवस. नदालने आपलं पाचवं ग्रँड स्लॅम जिंकलं तेव्हा त्याचंही वय अगदी इतकंच होतं. एकूण पॉइंटांची बेरीजही पाहून घ्या: सिनर १९३, अल्कराझ १९२.

आता डोळे मिटा आणि पस्तीस दिवस पुढे या. १३ जुलै, विम्बल्डनची अंतिम फेरी, सेंटर कोर्ट. पायाखाली गवत, आणि रेषांवर माणूस नाही; यंदापासून लाइन अंपायर गेले, ‘आउट’ यंत्र म्हणतं. सिनरच्या उजव्या हातावर पांढरी बाही आहे. चौथ्या फेरीत तो पडला, कोपर दुखावलं, दिमित्रोव्हविरुद्ध दोन सेटनी मागे होता. दिमित्रोव्हच्याच छातीचा स्नायू दुखावला आणि त्याला सामना सोडावा लागला. त्या दिवशी नशिबाने सिनरला हात दिला, हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिला सेट तो ४-२ ने पुढे असताना सलग चार गेम गमावून हरतो. समोर अल्कराझ, सलग २४ सामने जिंकून आलेला, सिनरविरुद्धचे गेले पाचही सामने जिंकलेला. पॅरिस आठवून तुमच्या पोटात गोळा येईल. पण सिनर पुढचे दोन सेट ६-४, ६-४ घेतो. चौथ्यात ४-३ आणि स्वतःच्या सर्व्हिसवर फिफ्टीन-फॉर्टी. दोन ब्रेक पॉइंट वाचवतो. मग ५-४, पॅरिसमध्ये निसटला तोच गेम, चेंडू पुन्हा त्याच्याच हातात. यावेळी तो सर्व्हिस राखतो. विम्बल्डनचं एकेरीचं विजेतेपद जिंकणारा पहिला इटालियन.

इथेच थांबलात तर गोष्ट फार गोड होईल, म्हणून थांबू नका. ७ सप्टेंबरला अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीसाठी न्यूयॉर्कला या. अल्कराझ त्याला चार सेटमध्ये हरवतो आणि अव्वल क्रमांकही काढून घेतो. सिनरची पहिली सर्व्हिस निम्म्या वेळाही आत पडत नाही. सामन्यानंतर तो स्वतःच सांगतो की आपला खेळ आधीच ओळखता येईल असा झालाय, बदलायला हवा, त्यापायी काही सामने हरावे लागले तरी चालेल.

आणि मग १६ नोव्हेंबर, एटीपी फायनल्सची अंतिम लढत, तुरिनचं बंदिस्त स्टेडियम, घरचे प्रेक्षक, समोर पुन्हा तोच. पहिल्या सेटमध्ये ५-६, सिनरची सर्व्हिस, अल्कराझकडे सेट पॉइंट. पहिली सर्व्हिस बाहेर जाते. अशा वेळी दुसरी सर्व्हिस कुणीही जपून टाकतो. सिनर ती ताशी १८० किलोमीटरहून जास्त वेगाने मारतो. ती आत पडते. सेट टायब्रेकवर तो घेतो, पुढचा ७-५.